फाटकाजवळचा फळा

एसटीला पुष्कळ वेळ होता. तरीही दौंडला त्या दुपारी मी घड्याळाकडे पाहिले, "निघतो, गाडी चुकेल," असे म्हणालो आणि एका आजारी माणसाच्या खाटेजवळून उठून आलो. हे खोटे मी घरीही कोणाला सांगितले नाही.

शिरूरच्या ज्या विद्यालयात मी इंग्रजी शिकवतो, तिथे शाळेशी संबंधित कोणी वारले की फाटकाजवळच्या फळ्यावर निधनवार्ता लिहितात. अक्षर बरे म्हणून ते काम माझ्याकडे आले. खडू हातात घेतला की मला मरणाचीच भीती वाटे. इंग्रजीच शिकवणाऱ्या एका वडीलधाऱ्या सरांनी ते ओळखले आणि मला इंग्रजी वाक्प्रचारांची गंमत सांगितली. त्या भाषेत माणूस मरत नाही. तो बादलीला लाथ मारतो, जमिनीखालून डेझीची फुले वर ढकलतो, नाहीतर शेत विकत घेतो. "मेल्यावर शेत घेतात लेकाचे," सर म्हणत, "आपल्याकडं मेल्यावर वाटण्या होतात!" तेव्हापासून शिपाई फळा पुसू लागला की आम्ही एकमेकांना विचारायचो, "आज कुणाची बादली?" त्या हसण्यात माझी भीती मला ऐकू येत नसे.

निवृत्तीनंतर सर दौंडला मुलाकडे राहायला गेले आणि फुप्फुसाचे दुखणे निघाले. मी भेटायला गेलो तेव्हा नाकात ऑक्सिजनची नळी होती.

"काय, पुसून ठेवलास का फळा?"

"छे, सर. तुमच्या शेताचा सातबारा अजून निघायचाय."

ते हसले नाहीत. माझे मनगट धरून हळूच म्हणाले, "आता इंग्रजी नको रं. मला लई भ्या वाटतंय. घरात कुणी बोलू देत न्हाई. तू बस जरा."

त्यांची बोटे गार होती. तो गारठा माझ्या हातातून वर चढतो आहे असे वाटले, आणि मी गाडीचे कारण सांगितले.

त्यानंतर मोबाइल वाजला की तो उचलायला मी धजत नसे. सरांचे नाव आपल्याच अक्षरात लिहावे लागेल, ही धास्ती झोपेतही सुटेना. एका सकाळी शिपाई ओल्या फडक्याने फळा पुसताना दिसला.

"कोण?" मी कसेबसे विचारले.

"कोन न्हाई सर. धूळ बसलीया नुसती."

मी रजा टाकली आणि दौंडची एसटी धरली.

सर जागे होते. डोळे खोल गेले होते. सरांच्या पत्नीने, वहिनींनी, स्टूल पुढे सरकवले. "तुम्हाला लगेच निघायचं असंल ना?" त्यांनी विचारले. मी मान हलवून नाही म्हटले, बसलो, आणि सरांचा गार हात दोन्ही हातांत घेतला.

"सर, त्या दिवशी गाडीला खूप वेळ होता. मी घाबरून पळालो. माझं चुकलं, मला माफ करा. बोला तुम्ही. मी बसलोय."