रसिला फईची बादली

रसिला माझी धाकटी बहीण. गोंडलच्या बाजूच्या आठ गावांत तिच्यासारखी नर्स नाही, आणि हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. म्हणजे, भाऊ म्हणूनही सांगतो. तिला शिकवायला मी सातवीतून उठलो आणि जिनिंगमध्ये कापूस उचलला.

आमच्याकडे कुणी आजारी पडलं की खबर काढायला जायचंच, नाहीतर नाक कापलं जातं. पोरगं तापानं फणफणतंय आणि हे दहा जण उशाशी बसून रकाबीतून चहा ओढणार, त्याचे गाल कुरवाळणार, त्याच हातांनी पुढच्या घरचं पोर उचलणार. माणसं कसली, म्हशी बऱ्या!

माझ्या तीन वर्षांच्या हितांशूला फ्लू झाला. घरात पाच महिन्यांची ध्यानी. रसिला तिची फई, म्हणजे आत्या, नाव तिनंच ठेवलेलं. ती आली ती ध्यानीचा पाळणा उचलून थेट मागच्या खोलीत गेली.

"मोटाभाई, हितांशूला डॉक्टरांचं औषध चालू आहे, पाणी पाजत राहा. पण ध्यानीला सहा महिने झाल्याशिवाय लस देता येत नाही. हिला आपणच जपायचं."

मग येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात धुवायला साबण आणि बादली घेऊन उंबऱ्यावर बसली.

संध्याकाळी माझा मेहुणा परसोत्तम आला. दोन गल्ल्यांवरून खोकत आला. तेलघाणीचा मालक, अक्कल पेंडीएवढीही नाही.

"ध्यानीला आणा, पापी घेतो."

"खोकताय तुम्ही, परसोत्तमभाई. बाहेर खाटेवर बसा. चहा तिथंच देते."

"मला बाहेर? मामा आहे मी तिचा!"

"आणि मी फई. नाव ठेवलंय ते हाक मारायला. मारा इथूनच."

"जिजाजी, बहिणीला आवरा! नाहीतर पोरीच्या लग्नात मामाचा आहेर विसरा!"

पाळण्यातल्या पोरीच्या लग्नाची धमकी! माझ्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. "जाऊ द्या ना त्याला आत, माझा भाऊ आहे."

मी म्हटलं, "परसोत्तम, आहेर विसरलो. चहा घेतोस?"

पाय आपटत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ध्यानी पोटभर दूध पिऊन पाय झाडत होती. तेवढ्यात निरोप आला, परसोत्तम शेठ तापानं आडवे झालेत. रसिलानं मास्क बांधला, त्याच्या दारात गेली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "परसोत्तमभाई, खबर काढायला आलेय. श्वास लागतोय का?"