डिंभ्याच्या पाण्यावरून आलेला नवरदेव

रेवदंड्याच्या खाडीत वाढलेली माझी बोट आयुष्यात पहिल्यांदाच डोंगर चढत होती. माळशेजच्या वळणांवर ट्रेलर कुरकुरत होता आणि शेजारी वैशाली, माझी बायको, स्वतःशीच हसत होती. तिच्या मामेभावाचं, संतोषचं लग्न होतं. नवरदेव घोड्यावरून नाही, धरणाच्या पाण्यावरून येईल, असं या पठ्ठ्याने सासुरवाडीला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. सगळं माझ्या जिवावर!

ओतूर, जुन्नर, घोडेगाव करत शिनोलीला चहाला थांबलो. टपरीवरच्या आजोबांनी बोटीला एक चक्कर मारली आणि विचारलं, "पावणं, बोट आली. समुद्र कवा येनार?" सगळी टपरी हसली. मीही हसलो, पण जरा लागलंच.

पुढे डोंगरांच्या कुशीत डिंभे धरणाचं पाणी दिसलं आणि माझा राग पळाला. एवढं शांत पाणी मी खाडीत कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी बोट उतरवून एक फेरी मारली, काठाशी नांगर टाकला आणि आमच्या सवयीप्रमाणे दोर सैल ठेवला. मामींनी जेवायला मासवडी (बेसनाच्या पोळीत तिळाचं सारण भरून केलेल्या वड्या) केली होती. नाव ऐकून मी मोठ्या आशेने बसलो होतो. मासा नव्हताच, पण मी चार वेळा वाढून घेतलं.

दुसरा दिवस हळदीत गेला. लग्नाच्या सकाळी सगळं वऱ्हाड जीपमधून धरणाला वळसा घालून पलीकडच्या काठाला, नवरीच्या गावी पुढे गेलं. मागे उरलो नवरदेव, आम्ही दोघं आणि एक सनईवाला. काठावर येऊन पाहतो तर बोट गाळात कलती बसलेली आणि पाणी बरंच खाली सरकलेलं. मी मुळीच घाबरलो नाही. ओहोटी आहे, थोड्या वेळात पाणी येईल, असं संतोषला सांगून मी बोटीच्या सावलीत निवांत बसलो. मुहूर्त दुपारचा होता.

पाण्याची मोटर चालू करायला आलेल्या हिराबाई कंबरेवर हात ठेवून हे पाहत होत्या. कालव्याला आवर्तन (शेतीसाठी ठरावीक काळाने सोडतात ते पाणी) सुटलंय, आता धरण भरेल ते पावसाळ्यात, असं त्यांनी समजावलं. संतोषचा हळदीचा चेहरा पांढराफटक पडला. जीप गेलेल्या. नवरदेव पोहोचला नाही तर त्याच्याबरोबर माझ्या बायकोच्या आजोळाचीही शोभा होणार होती. मी कसनुसा होऊन म्हणालो, आमच्याकडे तर पाणी रोज परत येतं.

"तुमच्याकडं येत आसंल," हिराबाई म्हणाल्या. "आमाला त्याच्या मागं जावं लागतं, राव."

त्यांनी काठाकाठाने हाका दिल्या. इथे पाणी उतरलं की प्रत्येकाला आपली मोटर खाली न्यावी लागते, आणि एकाची हलवायची तर सगळेच हात लावतात. त्यांच्या लेखी माझी बोट म्हणजे जरा थोराड मोटर! कुणी पाइप आणले आणि बोटीखाली आडवे सरकवले, कुणी ओला पेंढा पसरला. वैशालीने शालूचा पदर खोचला आणि दोराला हात घातला. नवरदेवालाही राहवेना, पण हिराबाईंनी त्याला दटावून सनईवाल्याशेजारी बसवलं. मागून सुटलेले पाइप पोरीबाळी पुढे आणून टाकत होत्या. बोट हलली, थांबली, पुन्हा हलली आणि धपकन पाण्यात गेली. मला इतका आनंद झाला की मी हिराबाईंच्या पायाच पडलो.

मग काय विचारता! शेरवानीवर लाइफ जॅकेट घातलेला नवरदेव, पुढे सनई, दोन्ही अंगांना डोंगर. वारा समोरून होता तरी बोट हट्टाने पाणी कापत राहिली. पलीकडच्या काठावर माणसांची रांग दिसली. वऱ्हाडाच्या जीप अजून वरच्या वळणावर धुरळा उडवत होत्या. आम्ही आधी पोहोचलो!

सीमांतपूजनाचा (वेशीवर नवऱ्या मुलाचं स्वागत) पाट नवरीकडच्यांनी आदल्या दिवशीच्या पाण्याच्या कडेला मांडला होता. तो आता वर कोरड्यात राहिला होता. नवरीची आई क्षणभर थबकली. मग आरतीचं ताट सांभाळत गाळातून थेट आमच्यापर्यंत खाली आली आणि घोटाभर पाण्यात उभं राहून तिने संतोषला ओवाळलं. दोन्ही काठांवर एकच गलका झाला.

निघताना हिराबाईंनी दोन जुने पाइप ट्रेलरला बांधून दिले. समुद्राकाठी याचं काय करू, असं मी म्हणालो खरा, पण नको म्हणालो नाही.

रेवदंड्याला पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. शेजारचा विठोबा आपल्या गाळात बसलेल्या होडीजवळ बिडी ओढत भरतीची वाट पाहत होता. बाळंतपणाला माहेरी निघालेली त्याची लेक पलीकडच्या काठावर त्याच्या होडीची वाट पाहत होती. या खाडीत जन्म काढलेला मी अशा वेळी नेहमी त्याच्या शेजारी जाऊन बसतो.

त्या दिवशी मी ट्रेलरचे पाइप सोडले आणि आळीतल्या चौघांना हाका मारल्या.