घरचं माणूस रांगेत शेवटी

आमच्या दवाखान्यात नर्सबाईंचा नियम होता: घरचं माणूस रांगेत शेवटी. त्यांची सख्खी धाकटी बहीण आली तरी बाकाच्या टोकाला बसायची. मी केसपेपर काढायचो. खरं सांगतो, मला या हट्टाचा रागच यायचा.

पाळणा लांबवायचं, तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आमच्याकडे परदेशी मदतीतून यायचं. मग एक दिवस मदत देणाऱ्या देशाचा कागद आला. जो दवाखाना गर्भपाताचा सल्ला देईल, नुसता पत्ता जरी सांगेल, त्याची मदत बंद. दवाखान्याच्या साहेबांनी मुकाट्याने सही केली आणि आमच्या तोंडाला कुलूप लावलं. तरीही इंजेक्शनांचं खोकं आलं नाही. ते कुठे अडकलंय, कुणालाच सांगता येईना.

कपाटात इंजेक्शनच्या अकराच बाटल्या उरल्या, त्या दिवशी धाकटी रांगेत बारावी होती. मागच्या बाळंतपणात रक्त जाऊन ती मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तिचा नवरा काही ऐकणाऱ्यातला नव्हता. मी म्हणालो, हिला आधी घ्या. नर्सबाईंनी रांगेतल्या पहिल्या बाईला आत बोलावलं. पुढच्या आठवड्यात ये, असं त्यांनी तिला सांगितलं.

तो आठवडा काही उजाडला नाही. नंतर ज्या बायका येत, त्या दिवस राहिल्याचं सांगत आणि आता काय करू, विचारत. नर्सबाई भिंतीकडे बघून म्हणत, जपून राहा.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, धाकटी आली आणि बाकाच्या टोकाला बसली. ओठ पांढरेफटक. नर्सबाई काय ते समजल्या. सही गेली खड्ड्यात, म्हणत त्यांनी दार लावलं आणि शहरात गर्भपात करणाऱ्या डॉक्टरचा पत्ता कागदावर खरडला.

धाकटीने कागद घेतलाच नाही.

"ताई, तू कुणालाच सांगत नाहीस. मला काय सांगणार होतीस? बाजारामागच्या बाईकडून पाडायची पुडी घेतली काल."

नर्सबाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "रक्त जातंय?"

"सकाळपासून."

"किती?"

धाकटी बाकाला धरून उठायला गेली, पण तिला उठता येईना.

"मागच्या वेळेपेक्षा जास्त," ती म्हणाली.