बाटली वाचणारे साडभाऊ

आमच्या साडभाऊंइतका संशयी माणूस अंजनगाव सुर्जीपासून अकोल्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही. उभं आयुष्य संत्र्याच्या बागेत गेलं. फवारणीच्या औषधाची बाटली आधी उलटीसुलटी करून वाचायची, त्यावरचा विषाचा रंगीत त्रिकोण बघायचा, मुदत बघायची आणि मगच झाकण उघडायचं, ही सवय त्यांच्या हाडात मुरलेली. पण ती बागेपुरती राहिली असती तर ते साडभाऊ कसले? देवळात तीर्थ पुढे आलं तरी पुजाऱ्याला विचारणार, पाणी कधी भरलं. मला एकदा सलाइन लावलं होतं, तर भेटायला आलेले हे गृहस्थ स्टुलावर चढून बाटली वाचू लागले आणि त्यांचा चष्मा माझ्या पोटावर पडला. नर्सबाईंनी दंडाला धरून उतरवलं, तरी जाताना दारातून खूण करून गेले, की मुदत आहे, घाबरू नका.

असा हा माणूस मागच्या हिवाळ्यात मला काही न सांगता अकोल्याला घेऊन निघाला. एसटीत खिडकीबाहेर बघत, पन्नाशी उलटलेल्या या बागायतदारानं हळूच सांगितलं की मोबाइलवर जाहिरात पाहिली आहे. एक इंजेक्शन घेतलं की पुरुषाचं इंद्रिय जाड होतं, अर्ध्या तासात घरी. नेमका शब्द त्यांनी उच्चारलाच नाही, डोळ्यांनी कमरेखाली दाखवलं. मी थक्क होऊन कारण विचारलं. तर ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, दोन वर्षांपासून बाजूच्या खोलीत झोपते. "आता आपुन तिले आवडत नाई, दुसरं काय असन?" ते म्हणाले.

जाहिरातीतल्या पत्त्यावर, अकोल्यात, मोटरपंपाच्या दुकानावर एक खोली होती. पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या नावापुढे 'डॉक्टर' होतं, पदवी कुठेच नव्हती. साडभाऊ नाडी सोडून आडवेही झाले; मी भिंतीकडे तोंड करून उभा. त्यानं सुई भरायला घेतली आणि साडभाऊंची जन्माची सवय उसळली. एका हातानं पायजमा सावरत त्यांनी दुसरा पुढे केला आणि बाटली मागितली. बाटली कोरी. माल फॉरेनचा आहे, काका, विश्वास ठेवा, असं तो म्हणाला.

"इश्वासावर मी संत्र्याले फवारा मारत नाई," साडभाऊ म्हणाले आणि नाडी बांधत जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना अमरावतीला मूतखड्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मुळीच हसले नाहीत. अशा इंजेक्शनानं गाठी होतात, पू होतो, आकार वेडावाकडा होतो. औषध रक्तवाहिनीत गेलं तर तेवढा भाग सडू शकतो, आणि सिलिकॉन असेल तर ते पुन्हा पुरतं काढताच येत नाही, म्हणाले. तपासून सांगितलं की तुमचं सगळं ठाकठीक आहे, काय विचारायचं ते घरी विचारा.

ते विचारायला साडभाऊंना आठ दिवस लागले. ताई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पलंग उंच हाय. माहे गुडघे दुखते. दोन वर्षं झाले सांगून राहिली, तुमी आयकता कुठं?"

त्याच दुपारी साडभाऊंनी करवत आणून पलंगाचे चारी पाय कापले. एक आखूड झाला, पलंग अजून डुगडुगतो, पण ताई त्यावर झोपते. हा किस्सा सांगून मी लोकांना पुष्कळ हसवतो. मग मध्येच आठवतं, की दोन वर्षं हा भला माणूस त्या पलंगावर एकटा पडून आपल्यात काय कमी आहे ते शोधत होता, आणि मला पुढे हसवत नाही.