पटक्यात शिवलेलं पार्सल

माझी मुलगी घोंगड्या ऑनलाइन विकते. परवा तिनं खोक्यावर शोभेसाठी लाल लाखेचा ठसा उमटवला, आणि त्या जळक्या वासासरशी मी जुन्नरच्या पोस्टात जाऊन पोचले.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विणलेली घोंगडी मुंबईच्या गिऱ्हाइकाला पाठवायची म्हणून आम्ही कागदात बांधून नेली होती. "कापडात शिवून आणा," म्हणत कारकुनानं ती परत सरकवली. आमच्या खोडदची एसटी सुटायला आली होती. आबांनी डोक्यावरचा पांढरा पटका सोडला आणि टर्रकन फाडला.

मी हादरलेच. आबांचं उघडं डोकं मी घरातसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. ते पांढरंफटक टक्कल आता सगळं पोस्ट बघत होतं.

"आबा, नका ना!"

"कागद फाटून माल भिजला तर परत कोन मागवंल, पोरी?" मग कारकुनाला म्हणाले, "भाऊ, दाभण हाय का?"

पार्सल शिवून झालं, लाख लागली. उरलेल्या तुकड्याचे डोक्याला जेमतेम दोन वेढे बसले. लाजेनं मी स्टँडपर्यंत दहा पावलं मागं राहून चालले. एसटीची घाई असूनही आबांनी एकदाही मागं वळून हाक मारली नाही. माझी लाज त्यांच्या ध्यानात आली नसेल, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.