शेजारच्या काकांचा धक्का

सिंदी मेघेत आमच्या शेजारी एक भाजीवाले काका राहतात. टेम्पो सपाट अंगणात उभा केला तरी चाकाखाली दगड लावल्याशिवाय ते घरात जात नाहीत. बोलणं कमी. काही सांगायच्या आधी समोरच्या वस्तूभोवती एक फेरी मारतात. त्यांची नक्कल करून मी घरच्यांना पुष्कळ हसवलंय.

मी टर्बो इंजिनची कार घेतली, पण तिचा आवाज मला आमच्या मिक्सरपेक्षा मिळमिळीत वाटला. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून मी मेकॅनिक झालो, नवा सायलेन्सर मागवला आणि एका रविवारी गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरलो. जुना सायलेन्सर ज्या रबरी कड्यांत लटकतो त्या रबरांतून सुटेना, म्हणून हिसके देत होतो.

काकांनी गाडीभोवती फेरी मारली, दोन जाड ओंडके आणून गाडीखाली सरकवले आणि म्हणाले, "बाहेर ये, बाबू."

"दोन मिनिटांचं काम आहे, काका."

"काऊन घाई करून राह्यला? ये म्हटलं ना."

मी कुरकुरत बाहेर आलो. त्यांनी गाडीला खांद्यानं एक धक्का दिला. जॅक कलंडला आणि गाडी धाडकन ओंडक्यांवर बसली. ओंडके नसते, तर ती माझ्या छातीवर बसली असती.

बायको धावत आली. "काय पडलं?"

काका म्हणाले, "काही नाई पोरी, माह्या हातून ओंडका सुटला."

ती आत गेल्यावर त्यांनी रबरांना साबणाचं पाणी लावलं. सायलेन्सर मुकाट निघाला.

बायकोला आजवर ओंडक्याचंच खरं वाटतं. हे वाचल्यावर ती आधी काकांच्या पाया पडेल आणि मग माझ्याकडे वळेल.