कोरडी रेघ

कुवेतच्या मिरकाब भागातल्या खोलीत मी चार वर्षं एका चिनी शिंप्याबरोबर राहिलो. हजला म्हणून घर सोडलेला तो माणूस परत चीनला गेला नाही. कराचीत काही वर्षं काढून कुवेतला आला. उर्दू तो कराचीतच शिकला होता. मी त्याला चाचा म्हणायचो, तो मला पेंटर. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो.

जुम्म्याची नमाज झाली की चाचा शाईची कांडी दगडावर पाणी घालून उगाळायचा, घरी बाळासाठी जायफळ उगाळतात तशी. मग जुन्या वर्तमानपत्रावर कुंचल्याने अक्षरं काढायचा.

"चाचा, इतनी देर में तो मैं पूरी दुकान रंग दूँ," मी म्हणायचो.

"इसीलिए तेरी दुकानें सब एक जैसी दिखती हैं."

भिंतीवर त्याच्या वडिलांनी लिहिलेला एकच कागद होता. निरोप देताना दिलेला. एकाखाली एक चार चिनी अक्षरं. शेवटच्या अक्षराची लांब रेघ अर्धीमुर्धी, मधून पांढरा कागद दिसायचा.

एकदा चाचा हर्नियासाठी आठ दिवस इस्पितळात होता. तो येण्याआधी मी खोलीला चुना काढला आणि त्यासाठी तो कागद उतरवला. जवळून बघितला तेव्हा ती रेघ डोळ्यांत खुपली. रत्नागिरीला मी ज्या उस्तादाकडे शिकलो, तो अक्षरात रंग न भरलेली जागा दिसली की बोटांवर पट्टी मारायचा. मी चाचाचीच शाई उगाळली, सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि एकेक पांढरी फट भरली. तासभर लागला. काम सफाईदार झालं. कागद परत टांगला.

चाचा आला, खाटेवर बसला आणि भिंतीकडे बघत राहिला.

"किसने किया?"

"मैंने. अधूरा था ना."

त्याने त्या रेघेकडे बोट दाखवलं. मग सांगितलं. वडील आजारी होते. कुंचला कोरडा पडत आला, पण त्यांनी तो पुन्हा शाईत बुडवला नाही, एका दमात रेघ शेवटाला नेली. त्या पांढऱ्या फटींत त्यांच्या हाताचा वेग दिसायचा. कुठे हात थरथरला, तेही दिसायचं.

माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "अक्षर तो वही है, चाचा."

तो उठला आणि त्याने चहा ठेवला. मलाही दिला. मी प्यायलो. मला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी दस्मानला एका पाटीचं काम होतं, तिकडे गेलो. रात्री आलो तर भिंत मोकळी होती. त्यानंतर त्याने जुम्म्याला शाई उगाळल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही.

वर्षभराने तो कराचीला परत निघाला. सामान बांधून झालं तेव्हा त्याने गुंडाळलेला तो कागद माझ्या खाटेवर ठेवला.

"ये तो आपके वालिद का है," मी म्हणालो.

"था. अब तेरा लिखा हुआ है."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी त्याची ट्रंक खाली टॅक्सीपर्यंत नेऊन दिली.

आता मी कुवेतमध्येच खैतानला राहतो. कागद कपाटावर आहे. माझी मुलगी परवा विचारत होती, यात काय लिहिलंय? मला सांगता आलं नाही. तीन वर्षं तो माझ्या डोक्याशी टांगलेला होता, आणि ती चार अक्षरं काय आहेत हे मी चाचाला एकदाही विचारलं नव्हतं.